वाय-फाय दिसतं, पण नेट चालत नाही: राउटर सारखा अडकत असेल तर या क्रमाने तपासा

परळच्या आमच्या चाळीत कुणाचं नेट गेलं की माझ्या दारावर टकटक होते. २०२० साली मुलांची शाळा आणि मोठ्यांची ऑफिसं एकाच खोलीत आली, तेव्हापासून हे सुरू आहे. आधी स्वतःच्या घरातला बिघाड शोधायला शिकले, मग शेजारच्यांचा, मग विक्रोळीच्या आत्याकडचा, बोरिवलीच्या मावशीकडचा. तक्रार बहुतेक वेळा तीच. राउटर चालू आहे, मोबाइलवर वाय-फायच्या दांड्या पूर्ण आहेत आणि तरीही नेट मध्येच जातं, पाच-दहा मिनिटांनी आपोआप येतं, पुन्हा जातं. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "आमच्याकडून सगळं ओके आहे." आणि तो घरी येईपर्यंत नेट खरंच आलेलं असतं.

वैतागून लोक मग दोनपैकी एक गोष्ट करतात. मागचं रीसेटचं भोक टाचणीने दाबतात, नाहीतर नवा राउटर विकत आणतात. या दोन्हींची गरज मला क्वचितच पडली आहे. "नेट गेलं" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. आपला बिघाड कुठला, ते आधी ओळखायचं.

आधी लक्षणं

नेट गेल्या गेल्या बटण बंद करायला धावू नका. एक मिनिट उभं राहून राउटरकडे आणि मोबाइलकडे बघा. बंद-चालू केलंत की पुरावा पुसला जातो.

- वाय-फायचं नावच मोबाइलच्या यादीतून गायब होतं आणि दोन-तीन मिनिटांनी परत येतं: राउटर स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतोय. वीज, अडॅप्टर किंवा उष्णता.
- नाव आहे, दांड्या आहेत, पण बाजूला उद्गारचिन्ह किंवा "इंटरनेट नाही" असा मजकूर: घरातलं वाय-फाय ठीक, बाहेरून येणारी लाइन तुटलेली.
- फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा: प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोहोचतच नाही.
- राउटरच्या खोलीत झकास, आतल्या खोलीत रडतं: जागा आणि भिंती.
- दिवसभर ठीक, रात्री आठ ते अकरा संथ: गर्दी, घराबाहेरची.
- फक्त टीव्हीवर किंवा एकाच मोबाइलवर अडचण: राउटरला हात लावू नका, दोष त्या यंत्रात आहे.
- पाऊस लागला की जातं, ऊन पडलं की येतं: कुठेतरी जोडात पाणी.

पहिल्या दोन लक्षणांतला फरक सगळ्यांत मोलाचा. वाय-फाय म्हणजे राउटर आणि मोबाइल यांच्यातलं हवेतलं नातं, आणि नेट म्हणजे राउटरच्या मागून बाहेर जाणारी लाइन. मोबाइलवरच्या दांड्या फक्त पहिल्याबद्दल सांगतात. त्या पूर्ण आहेत याचा अर्थ राउटर जवळ आहे, एवढाच.

आणखी एक. राउटरशेजारी एक कागद आणि पेन ठेवा. नेट गेलं की तारीख, वेळ, कुठला दिवा कसा होता आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं, एवढं लिहा. आत्याकडे आठवडाभराची नोंद बघितली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळ सकाळी पावणेसात ते सव्वासातच्या मधली निघाली. त्या वेळी घरात काय चालतं, असं विचारलं. नातवाच्या गणवेशाला इस्त्री! इस्त्री आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते आणि बोर्डाची पिन भिंतीत ढिली बसत होती. इस्त्री तापायला लागली की विजेचा दाब क्षणभर खाली जाई आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. चार महिने त्या घरात कंपनीला दोष देणं चाललं होतं. राउटर वेगळ्या सॉकेटवर नेला आणि तक्रार मिटली.

काही न उघडता, फुकटात

पहिलं, प्लॅन संपला आहे का ते बघा. हे सांगायला संकोच वाटतो, पण दरवेळी मी हेच आधी विचारते. मुदत संपली तरी राउटरचे दिवे तसेच लागतात, वाय-फायही दिसतं. त्यानंतर शेजारी विचारा, पण त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला. त्याचंही गेलं असेल तर तुमच्या घरात शोधण्यासारखं काही नाही.

अडचण एकाच मोबाइलवर असेल तर त्यातलं वाय-फायचं नाव "विसरा" आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. मोबाइलमध्ये व्हीपीएन किंवा खासगी डीएनएस ही सेटिंग चालू राहिली असेल तर बंद करून बघा. जुन्या स्मार्ट टीव्हीचं एक वेगळंच आहे. लाइट जाऊन आल्यावर काही टीव्हींची तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं टीव्हीला खोटी वाटतात आणि तो सरळ "नेटवर्क नाही" म्हणतो. तारीख-वेळ दुरुस्त केली की चालू.

मग येतं बंद-चालू करणं. त्यालाही पद्धत आहे. बटण बंद केल्यावर किमान अर्धा मिनिट थांबा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक असते आणि लगेच चालू केलं तर राउटर पूर्ण कोरा होऊन उठत नाही. घरात दोन डबे असतील, म्हणजे फायबर येतो तो ओएनटी आणि त्याला वायरने जोडलेला वेगळा राउटर, तर आधी ओएनटी चालू करा. त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जाऊ द्या आणि मगच राउटर. मागच्या डब्याला लाइन मिळालेली नसताना पुढचा उठला तर तो रिकाम्या हाताने बसून राहतो.

रीसेटचं भोक: याला हात नको

हे वेगळं सांगते, कारण सगळ्यांत जास्त मनस्ताप इथेच होतो. बंद-चालू करणं आणि रीसेट करणं या दोन वेगळ्या गोष्टी. रीसेटने राउटर कारखान्यातून आला तसा होतो. वाय-फायचं नाव-पासवर्ड जातो, तो परत देता येईल. पण मुंबईत बऱ्याच कनेक्शनला पीपीपीओई नावाचं लॉगिन असतं. त्याचं यूजरनेम आणि पासवर्ड बसवणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी राउटरमध्ये भरलेला असतो आणि घरात कुणालाच ठाऊक नसतो. बोरिवलीच्या मावशीने दहा मिनिटांच्या बिघाडावर टाचणी वापरली, वर शनिवार संध्याकाळ. सोमवारी माणूस येईपर्यंत घरात नेट नव्हतं आणि मूळ बिघाड होता तिथेच होता.

उष्णता आणि जागा

राउटरच्या पाठीमागे किंवा कडेला ज्या फटी असतात त्या हवेसाठी आहेत. बहुतेक घरगुती राउटर ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर, टीव्हीच्या बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दुपारी दोन ते पाच नेट जातं आणि रात्री बरं असतं, अशी नोंद असेल तर राउटर उघड्यावर आणा, धूळ कोरड्या ब्रशने झटका आणि दोन दिवस बघा. विणलेला रुमाल पांघरून ठेवलेले राउटर मी बघितले आहेत. धूळ बसू नये म्हणून प्रेमाने घातलेला असतो, पण काढा.

अडॅप्टर: माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठा गुन्हेगार

राउटर आपोआप बंद होऊन सुरू होत असेल तर मी आता राउटरकडे बघतच नाही, आधी त्याचा काळा अडॅप्टर बदलते. माझ्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात एक चांगला १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक मीटरभर लॅन केबल आणि छोटी बॅटरी कायम असते. कुणाकडे जाताना तो डबा घेऊनच निघते.

अडॅप्टर खराब होतो म्हणजे काय होतं ते समजून घ्या. त्याच्या आत वीज साठवून सपाट करणारा कपॅसिटर असतो आणि वर्षानुवर्षं गरम राहून तो आतून सुकत जातो. अडॅप्टर मरत नाही, अशक्त होतो. दिवा लावण्यापुरती वीज देतो. पण घरातली चार माणसं एकदम नेट वापरायला लागली आणि राउटरने जास्त वीज मागितली की दाब कोसळतो, राउटर झोपतो आणि पुन्हा उठतो. म्हणून मीटर लावून बघितलं तरी फसगत होते. पिन नुसती हातात धरून मोजली तर १२ व्होल्ट पूर्ण दिसतात, कारण तेव्हा ओझं नसतं.

तपासायचं असं. नेट चालू असताना अडॅप्टरला हात लावा. कोमट असणं ठीक, पण हात ठेववत नसेल तर तो गेला समजा. कानाजवळ न्या. सतत टिकटिक किंवा चिरका आवाज येत असेल तरी तेच. राउटरमध्ये जाणारी गोल पिन हलकेच हलवा आणि दिवे लुकलुकतात का बघा. भिंतीतली पिन ढिली आहे का तेही बघा, विशेषतः जुन्या इमारतींतल्या जुन्या बोर्डांवर.

नवा घेताना तीन गोष्टी जुळवा आणि त्या अंदाजाने नको, राउटरच्या तळाशी असलेल्या लेबलवर वाचून. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. लेबलवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असेल तर १.५ किंवा २ अँपिअरचा अडॅप्टर बिनधास्त लावा, राउटर लागेल तेवढीच वीज ओढतो. आणि पिनच्या मधल्या टोकाला धन की ऋण, ती छोटी खूणही जुळली पाहिजे. ९ व्होल्टचा राउटर १२ व्होल्टवर लावला तर जळू शकतो. उलट १२ चा राउटर ९ वर लावला तर वरचंच लक्षण दिसतं, सारखं बंद-चालू. सेट-टॉप बॉक्सचा आणि राउटरचा अडॅप्टर साफसफाईत अदलाबदल झाल्याची दोन प्रकरणं मी स्वतः सोडवली आहेत, दोन्ही दिवाळीच्या आधीची. नव्या अडॅप्टरला लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपये पडतात. त्याआधी शेजाऱ्याचा तसाच अडॅप्टर तासभर लावून बघा, म्हणजे तेही पैसे उगाच जायला नकोत.

लाइट गेल्यावर नेट टिकावं म्हणून लोक राउटरचा छोटा यूपीएस घेतात. चांगली वस्तू आहे, पण घेण्याआधी तुमची लाइन कशी आहे ते विचारा. खालपासून घरापर्यंत शुद्ध फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे प्रकाश घरोघर वाटणाऱ्या डबीला, वीज लागत नाही आणि यूपीएसचा उपयोग होतो. पण अनेक इमारतींत फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येतो आणि तिथल्या स्विच नावाच्या, नेट वाटणाऱ्या डब्यातून घरोघर लॅन केबल उतरते. इमारतीची लाइट गेली की तो स्विचही जातो, मग घरात यूपीएस असला तरी हातात फक्त वाय-फायचं नाव राहतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली होती, तेव्हा आमच्या चाळीत हे आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी शिकलो.

वायर आणि फायबर

लॅन केबलच्या टोकाला पारदर्शक प्लग असतो, त्याची जीभ तुटलेली असली की तो आत बसल्यासारखा दिसतो आणि धक्का लागला की सुटतो. काढून पुन्हा लावा, "टक" असा आवाज आला पाहिजे. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत प्लगमधल्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. दोन-चार वेळा काढ-घाल केल्याने तो थोडा घासला जातो आणि नेट काही दिवस सुधारतं. तसं झालं तर समजा दोष तिथेच आहे आणि केबल बदला. राउटर आणि ओएनटी यांच्यामधली मीटरभराची केबल बदलणं सोपं आहे. गच्चीवरून येणारी बदलणं तुमचं काम नाही.

इथेच एक छोटी खूण. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे, आणि वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग कायम ९४-९५ वर अडतो. केबलमध्ये आठ तारा असतात. आठही जुळल्या तर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, चालतं. एखादी तुटली की जोड १०० वर उतरतो आणि हातात साधारण तेवढेच पडतात. राउटरचं पोर्टच १०० चं असेल तरीही हेच दिसतं, म्हणून आधी केबल बदलून बघा.

फायबरची तार म्हणजे केसासारखी काच. ती दुमडली की आतला प्रकाश बाहेर गळतो. सोफा भिंतीला सरकवला, खिडकीची काच ओढली, रंगारी येऊन गेले, या तिन्हींनंतर मला फोन येतात. जास्तीची तार गुंडाळायची असेल तर वेटोळं चहाच्या बशीपेक्षा लहान नको आणि त्याला घट्ट गाठ किंवा रबर नको. प्लग सुटून आला असेल तर त्याच्या टोकाला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणाही प्रकाश अडवायला पुरतो. आणि त्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलांना हे मुद्दाम सांगा.

पावसाळ्यासाठी एकच गोष्ट. केबल बाहेरून भोकातून आत येते तिथे ती भोकाच्या खाली एक झोळ देऊन मग वर चढायला हवी. म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. सरळ उतरत आलेली केबल पाणी थेट घरात, कधी थेट प्लगमध्ये आणते. जूनच्या आधी केबलवाल्याकडून हे करून घ्या.

राउटर ठीक, लाइन ठीक, तरी आतल्या खोलीत नेट नाही

आता हवेतल्या भागाकडे. इथे येण्याआधी एक खात्री करा: लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा. वायरवर चांगलं आणि वाय-फायवर वाईट असेल तरच पुढचं वाचा. दोन्हींकडे वाईट असेल तर जागा हलवून काही होणार नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंची तक्रार होती की आतल्या खोलीत सकाळी नेट चालतच नाही, संध्याकाळी मात्र बरं चालतं. दोन रविवार त्यांच्याकडे बसले, काही सापडेना. तिसऱ्यांदा पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा तिथेच होते. माळ्यावरच्या टाकीत पाणी भरायला लागलं आणि माझ्या मोबाइलवरच्या दांड्या एकेक करून उतरल्या. राउटर टाकीच्या एका बाजूला, खोली दुसऱ्या बाजूला. पाणी या लहरी शोषून घेतं. संध्याकाळपर्यंत टाकी उपसली जाई आणि नेट पलीकडे पोहोचे. राउटर चार फूट बाजूला, दाराच्या चौकटीवर नेला. त्या सकाळी काकूंच्या मुलीने आतल्या खोलीतून "आलं, आलं" म्हणून हाक मारली ती अजून आठवते.

पाण्याच्या टाकीसारखाच त्रास फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि टॉवरमधल्या सळईच्या भिंती देतात. राउटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीला किंवा वर, उघड्यावर ठेवा. बसवणारा जिथे केबल संपते तिथे ठोकून जातो, ती जागा त्याच्या सोयीची असते. पाच-सात मीटर जास्त केबल मागून घ्या.

राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ संथ, पण लांब जातं. त्याच खोलीत ५, दूरच्या खोलीत २.४. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे जेवण गरम करताना व्हिडिओ अडकला तर राउटर स्वयंपाकघरापासून लांब न्या.

चाळीत आणि जवळजवळ उभ्या इमारतींत खरी अडचण शेजाऱ्यांच्या राउटरांची. माझ्या खोलीत बसून मला पंचवीसेक नावं दिसतात. २.४ मध्ये १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न लागणारे तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या तळाशी लिहिलेला पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका, लॉगिन करा, आणि या तिघांतला कमी गर्दीचा चॅनेल निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली की तुम्ही अर्धा रस्ता अडवता, शेजारीही अडतो आणि तुम्हीही. मोबाइलवरच्या वाय-फाय ॲनलायझर ॲपने गर्दी दिसते.

५ गिगाहर्ट्झबद्दल मुंबईत एक खास गोष्ट. या पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. अनेक राउटर रडारसारखी लहर ऐकली की तो चॅनेल सोडतात आणि दुसरीकडे जाण्याआधी मिनिटभर, काही चॅनेलवर दहा मिनिटंही, नुसते ऐकत बसतात. जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेलं हवामान खात्याचं वेरावलीचं डॉपलर रडार सी-बँडचं, म्हणजे याच शेजारातलं. तुमचं फक्त ५ चं नाव गायब होत असेल आणि २.४ चं जागेवर राहत असेल, तर चॅनेल "ऑटो"वरून काढून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ पैकी एक द्या. तुमच्याकडे कारण रडारच आहे असं मी म्हणत नाही, पण या उपायाला खर्च शून्य.

त्याच पानावर जोडलेल्या यंत्रांची यादीही असते. अनोळखी नावं दिसली तर पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा. राउटरच्या या पानाचा मूळ ॲडमिन पासवर्डही बदला, तो अनेक घरांत अजून पहिल्या दिवसाचाच असतो.

घरात दोन राउटर असतील आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ते एकमेकांत अडकतात. नेट कधी चालतं, कधी नाही, आणि याला काही वेळापत्रक नसतं. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देण्याचं काम करतो. वाय-फाय ऐकून पुढे पाठवणारा, भिंतीत खोचायचा रिपीटर मी शेवटचा उपाय मानते. तो ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. दुसऱ्या खोलीपर्यंत केबल नेता आली तर कधीही तीच बरी.

नवा राउटर घ्यायची वेळ आलीच तर आधी केबलवाल्याला कळवा. काही जण लाइन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाशी, बांधून ठेवतात, नवा लावला की नेट येतच नाही आणि माणसाला वाटतं नवीन वस्तूच खराब निघाली.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एलओएसचा दिवा लाल आहे आणि फायबरचा प्लग एकदा नीट दाबूनही तो जात नाही: थांबा. तार कुठेतरी तुटली आहे किंवा फार वाकली आहे आणि ती जोडायला खास यंत्र लागतं. चिकटपट्टीने फायबर जुळत नाही.

केबल गच्चीवरून, डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून गेली असेल तर पावसात तिथे कुणीही चढायचं नाही, घरातल्या मुलालाही चढू द्यायचं नाही. डक्टमध्ये विजेच्या वायरी शेजारीच असतात.

जळका वास, काळवंडलेला सॉकेट, ठिणगी किंवा राउटरला, केबलला हात लावल्यावर झटका बसत असेल तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. नेटवाल्याला नंतर. अडॅप्टर स्क्रू काढून उघडू नका, पिन काढल्यावरही आत काही काळ वीज असते.

आणि रात्रीची गर्दी. वायरने जोडून तीन-चार रात्री वेग मोजला, वेळा लिहिल्या आणि रोज त्याच वेळी पडतो आहे, तर दोष तुमच्या घरात नाही. एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असू शकतात आणि पुढचा पाइप कमी पडतो. घरात काहीही बदललंत तरी फरक पडणार नाही, तक्रार करा.

तक्रार करताना "नेट चालत नाही" असं म्हणू नका. "गेल्या सहा दिवसांत नऊ वेळा गेलं, वाय-फायचं नाव राहतं, पॉनचा (फायबरच्या लाइनचा) दिवा लुकलुकतो, अडॅप्टर आणि केबल बदलून बघितली" असं सांगा आणि कागद पुढे करा. पलीकडच्या माणसाचा सूर बदलतो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि तिथे हा क्रमांक लागतो.

माणूस घरी आला की त्याच्याकडून मीटरवर किंवा ओएनटीच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दाखवून घ्या. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निवांत. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल आणि पहिल्या पावसात जाईल, म्हणून आकडा सुधारल्याशिवाय "ओके" म्हणून सही करू नका, जोड पुन्हा करायला सांगा. आणि तो निघण्याआधी पीपीपीओईचं यूजरनेम आणि पासवर्ड, राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि तो प्रकाशाचा आकडा, तारखेसकट, कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, आणि गेल्या जुलैत तोच कामाला आला.